चपला काढून

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी एक जुनी विलायती मोटार घेतली. रविवारी कराडहून पाचगणीकडे फेरी मारायची, पण आधी उंब्रजच्या मिस्त्रीला दाखवायची. इंजिनाचा आवाज ऐकायला तो पुलापर्यंत माझ्या शेजारी बसून यायचा, तेही चपला बाहेर काढून. "आवं, असू द्या की पायात," म्हटलं की "बरं हाय असंच," एवढंच. मागच्या सीटकडे तो कधी बघायचाही नाही.

गाडी आधी कुणाची होती, हे शोधत मी माधवनगरला पोचलो. तिथल्या गिरणीच्या म्हाताऱ्या वॉचमननं ती लगेच ओळखली.

"आमच्या मालकांची ही. डायवरची पोरगी लय आजारी पडली, तवा मालकांनी हीच दिली मिरजंला न्यायला. आई न्हवती पोरीला. ह्यो गाडी चालवतोय आन् ती मागं एकटीच. वाटंतच गेली. आता उंब्रजला गॅरेज हाय त्याचं."

पुढच्या रविवारी मी गॅरेजसमोर गाडी थांबवून खाली उतरलो. त्याच्या चपलांशेजारी माझ्याही काढून ठेवल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढचं दार लावून त्यानं मागचं उघडलं आणि सीटच्या एका कडेला बसला.

"हळू घ्या," तो म्हणाला. "तवा मी फुडं हुतो."