दोन वाक्यांत न मावणारा थकवा

“आत्तापर्यंत तुम्ही खूप सोसलंत,” मोरिता-सेन्सेई, म्हणजे माझ्या जपानी डॉक्टर, आधी म्हणाल्या आणि मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. हा क्रम माझ्या पक्का लक्षात आहे.

मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. यात थोड्या श्रमानंही अंगातली शक्ती संपते आणि कितीही झोपलं तरी ती भरून येत नाही. सोबत मायोक्लोनस, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय स्नायूंना बसणारे झटके. मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं. आळशी, नाजूक, परदेशात कंटाळलेली अशी विशेषणं दोन वर्षं ऐकल्यावर एक रीतसर नाव मिळालं होतं. नावाच्या लांबीवरून तरी दुखणं खरं वाटत होतं!

तुमचेही हातपाय असे आपोआप उडत असतील आणि रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

आम्ही जपानमध्ये, टोकियोजवळच्या ग्योतोकुला राहतो. माझा नवरा मंदार सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मुलगी अन्वी चौथीत. स्टेशनजवळच्या बेकरीत माझा बाइतो होता. अर्धवेळ नोकरीला इथे तसं म्हणतात. आठवडाभराच्या तापाचं निमित्त झालं. ताप गेला, थकवा मात्र मुक्कामाला राहिला. मी शाळेत खो-खो गाजवलेली बाई, त्यामुळे महिनाभर मी त्याला मोजलंच नाही.

मग एका दुपारी हातातला ट्रे उडाला. घसरला नाही, उडाला. खांद्याला झटका बसला आणि बारा मेलनपान, म्हणजे गोल गोड पाव, गिऱ्हाइकांच्या पायांत गडगडत गेले. मी नऊ वेळा माफी मागितली, मालकीणबाईंनी दहा वेळा.

झोपेचीही तीच कथा. डोळा लागतोय तोच पाय लाथ मारायचा किंवा मान झटकन वळायची. दहा तास अंथरुणात काढूनही सकाळी रात्रभर दळण दळल्यासारखी उठायचे.

तपासण्या सुरू झाल्या. थायरॉइड ठीक. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, शाकाहारी माणसांत निघतंच. इंजेक्शनं घेतली, आकडा सुधारला, पाय उडायचा थांबला नाही. एमआरआय झाला, ईईजी झाला. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद, फिट्स तर नाहीत ना हे बघायला. नव्हत्या. दवाखान्यात इतकी शांतता, की माझ्या पायानं बाकडं हललं तरी सगळ्यांना कळायचं. एकदा शेजारच्या आजींनी पर्स घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.

आता आमची चूक सांगते. माझं जपानी बाजारहाटापुरतं, त्यामुळे डॉक्टरांकडे मंदार दुभाष्या. मी मराठीत पाच मिनिटं कीर्तन करायचे, तो जपानीत दोन वाक्यं बोलायचा. डॉक्टर मान हलवायचे आणि थोडं चालत जा, व्यायाम ठेवा म्हणायचे. “तू सगळं सांगितलंस ना?” असं विचारलं, की म्हणायचा, “अगं, मेन पॉइंट्स सांगितले.” ऑफिसमध्ये क्लायंटसमोर अडचण मांडायची त्याची तीच पद्धत होती, थोडक्यात आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होणार नाही अशी. तिथे त्याचं कौतुक व्हायचं. इथे त्यानं माझ्या झटक्यांचं “झोप जरा अस्वस्थ” केलं होतं, आणि श्रमानंतर मी दोन दिवस आडवी होते हे वेगळं सांगायची गरजच त्याला वाटली नव्हती. त्यात लबाडी काहीच नव्हती, पण माझं नुकसान व्हायचं ते झालंच.

तिकडे पुण्याहून सासूबाई रोज फोनवर सूर्यनमस्कार सांगायच्या. प्रेमानंच. मी बारा-बारा घालायला लागले. पहिले दोन दिवस उत्साह, तिसऱ्या दिवशी दात घासायला उभं राहवेना. जरा बरं वाटलं की पुन्हा घालायचे, कारण डॉक्टरही व्यायामच म्हणत होते. असं पाच-सहा वेळा झालं आणि दर वेळी मी आधीपेक्षा खालच्या पायरीवर यायचे.

शेवटी घरात ठरायला लागलं, की मार्चमध्ये मी एकटीनंच विश्रांतीसाठी पुण्याला, सासूबाईंकडे जावं. शाळेमुळे अन्वी इथेच, बाबाजवळ. किती दिवस, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. अन्वीनं जपानीत “मला काही विचारू नका” म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. मला भीती आजाराची कमी आणि त्या बंद दाराची जास्त वाटत होती. सहा महिन्यांनी परत आले आणि तिला माझी सवयच उरली नसली तर?

जायच्या आधी एक शेवटचं म्हणून मोरिता-सेन्सेईंकडे गेलो. त्या मेंदूविकारतज्ज्ञ. मंदारची दोन वाक्यं ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी तुमच्या भाषेत लिहून आणा. श्रम झाले त्या दिवशी काय केलंत आणि पुढचे दोन दिवस काय करू शकला नाहीत. मंदारला म्हणाल्या, “तुम्ही फक्त वाचायचं. एकही ओळ गाळायची नाही.”

दोन आठवड्यांनी सहा पानं घेऊन गेलो. मंदार एकेक ओळ जपानीत करून वाचत होता. चौथ्या पानावर थांबला. मी लिहिलं होतं, ‘मंगळवारी अन्वीची वेणी घातली नाही. हात वर धरवले नाहीत. तिला सांगितलं, केस मोकळेच छान दिसतात.’

कित्येक महिने तो तिचे मोकळे केस बघत होता. त्याला वाटलं होतं, शाळेतली नवी फॅशन असेल. डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यानं चष्मा पुसला आणि ती ओळ अख्खी वाचली. माझा दोन वर्षांचा राग तिथेच गेला, हेही सांगून टाकते.

सेन्सेईंनी एक रात्र तारा लावून झोपेची तपासणी केली, जुने रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि मग निदान दिलं. त्या दोन दिवसांच्या आडवं होण्यालाही नाव होतं. पोस्ट-एक्झर्शनल मलेज, म्हणजे श्रमानंतर, कधी एक दिवस उशिरानं, सगळीच लक्षणं बळावणं. “तुमच्या बाबतीत जोर लावणं हा उपाय नाही,” त्या म्हणाल्या. झटक्यांसाठी अगदी कमी मात्रेत गोळी दिली. तिचं नाव लिहीत नाही, तुमची तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि शिकवलं पेसिंग, म्हणजे शक्ती संपायच्या आधीच थांबणं. पुण्याला जायचं कारण उरलं नव्हतं, तो प्रवासच मला झेपला नसता.

सासूबाईंना मीच फोन केला. “आई, मी येत नाहीये. आणि सूर्यनमस्कारही बंद केलेत, डॉक्टरांनीच सांगितलंय.” त्या म्हणाल्या, “बरं. चहा तरी बसून करतेस ना?”

करते. गॅसशेजारी स्टूल ठेवलंय. बरी झालेय असं म्हणणार नाही. झटके कमी झालेत, गेलेले नाहीत. बेकरीत आठवड्यातून दोनदा दोन तास, बसून पिशव्या भरते. दुपारी पडदा ओढून पडते आणि त्याची लाज वाटत नाही. खो-खोवाल्या बाईला हे जमायला वेळ लागला. तुम्हालाही लागेल, लागू द्या. पण डॉक्टरांसमोर आपलं दुखणं आटोपशीर करू नका. लिहून न्या, सहा पानं झाली तर होऊ देत.

गेल्या महिन्यात अन्वीच्या शाळेत पालकांचा वर्ग बघण्याचा दिवस होता. सगळे आईबाप वर्गाच्या मागे तासभर उभे राहतात. मी दोन वर्षं गेलेच नव्हते. या वेळी दारातच सरांना सांगितलं, मला खुर्ची लागेल. त्यांनी लगेच आणून दिली. उभ्या माणसांच्या रांगेत मी एकटी बसलेली.

गणिताचा तास निम्मा झाला आणि माझा पाय उडाला. टाच खुर्चीच्या दांडीवर खाडकन आपटली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अन्वीही वळली होती. शेजारच्या मुलीनं तिला काहीतरी विचारलं.

“माझी आई आहे ती,” अन्वीनं तिला जपानीत सांगितलं, आणि पुन्हा फळ्याकडे तोंड करून गणित सोडवायला लागली.