शेजारणीची वाटी

आईला लिव्हरचा आजार निघाला तेव्हा आमच्या सोसायटीतून पहिला प्रश्न काय आला असेल? "घ्यायच्या का हो त्या?" मुलुंडची शिकली-सवरलेली माणसं ही! जी बाई खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवायची, तिच्याबद्दल! मी लिफ्टमध्ये एकाला असं काही सुनावलं की तो पुढे आठवडाभर जिन्यानेच चढत होता. आई म्हणाली, "जाऊ दे गं. तेवढाच त्याला व्यायाम."

कारण अगदी साधं होतं. बरीच वर्षं अंगावर काढलेली शुगर, चरबी साठत गेलेलं लिव्हर आणि 'माका काय होणा नाय' हा मालवणी हट्ट. आता एका अंगात दोन आजार, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. लिव्हरवाले डॉक्टर म्हणायचे, अंगात ताकद हवी, थोडं थोडं पण सारखं खात राहा, उपाशी राहू नका, मीठ कमी. शुगरवाले म्हणायचे, भात मोजून, गोड बंद, जेवायच्या आधी इन्सुलिन. आणि आईला तर भूकच नसायची. चार घास झाले की ताट सरकवायची. मी ओरडायचे. ओरडून झालं की मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या, ते मला बघवत नव्हतं.

बाबांनी मात्र सगळं फार मनावर घेतलं. ती हॉस्पिटलमधून घरी आली त्याच दिवशी त्यांनी घरातली साखर, गूळ, मध, होतं नव्हतं ते सगळं पिशवीत भरून बहिणीकडे पोचवलं. स्वतः तर ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हापासूनच बिनसाखरेचा चहा प्यायला लागले होते. या माणसाला आयुष्यभर चहात तीन चमचे लागायचे! पहिला घोट घेतला की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. "छान लागतो," म्हणायचे. आई पदराआड हसायची.

तिची तक्रार एकच. शेजारच्या गुजराती काकू दर आठवड्याला वाटीभर काहीतरी पाठवायच्या, आणि आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नाही. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालायचीच.

"आता काय घालू वाटीत?" आई विचारायची.

"मीठ घाल," बाबा म्हणाले.

"शहाणेच आहात! मीठ देऊन भांडण लावू?"

मग कधी कढीपत्ता, कधी दोन लिंबं, असं चालू होतं. पण आईचं समाधान होत नसे. साखर ती साखर, म्हणायची.

त्या रविवारी बाबा तिचे रिपोर्ट आणायला गेले होते. दुपारी मी तिला इन्सुलिन दिलं, ताट वाढलं आणि आत जाऊन ऑफिसचा फोन घेतला. फोन लांबला. बाहेर आले तर ताट जसंच्या तसं, त्याच्यावर दुसरं ताट झाकलेलं.

"आई, जेवली नाहीस?"

"हे येऊ देत ना," ती म्हणाली. इतकी वर्षं ती बाबांच्या आधी जेवली नव्हती. सुई टोचून घेतली होती, आणि नवऱ्याची वाट बघत बसली होती! माझं डोकंच फिरलं. पण काही बोलणार तेवढ्यात तिच्याकडे नीट बघितलं. कपाळावर घाम फुटला होता. नजर माझ्यावर होती, पण ती मला बघत नव्हती.

तेवढ्यात बाबा आले. आई त्यांच्याकडे बघून मालवणीत पुटपुटायला लागली. "तिची वाटी देवची रवली... वाटी रवली गो..." काकूंची वाटी द्यायची राहिली, एवढंच पुन्हा पुन्हा.

बाबा जागच्या जागी थिजले. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, लिव्हर बिघडलं की माणूस असंबद्ध बोलायला लागतं. "लिव्हर डोक्यात गेलं गं," ते म्हणाले आणि पोट साफ होण्याचं सिरप शोधायला धावले. मी शुगरचं मशीन काढलं. घाईत पट्टी दोनदा खाली पडली. आकडा आला अठ्ठेचाळीस.

"बाबा, लिव्हर नाही! शुगर उतरलीय! साखर द्या, आधी साखर द्या!"

साखर? आमच्या घरात? बाबांनी एकेक डबा उघडून जमिनीवर टाकला. रवा, डाळ, पोहे. "मी दिली गं सगळी," ते लहान मुलासारखे म्हणाले, "मीच दिली." ते शेजारी धावले, तर काकूंच्या दाराला कुलूप. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, आणि आई आपली तेच म्हणत होती. "वाटी रवली. फ्रीजवर. रिकामी देव नको हां."

रिकामी देऊ नको. म्हणजे वाटी रिकामी नव्हती!

फ्रीजवर हात घातला. काकूंची स्टीलची वाटी, वर बशी झाकलेली. आत साखर. पांढरीशुभ्र, अर्धी वाटी. देवा रे! मी ती पाण्यात ढवळली, बाबांनी तिला टेकवून बसवलं, आणि आम्ही घोट घोट पाजत राहिलो. "गिळ गं, बाय माझी, गिळ," बाबा म्हणत होते. हळूहळू तिची नजर जागेवर आली. तिने आधी मला बघितलं, मग जमिनीवर सांडलेला रवा.

"ह्या कोणी सांडल्यान?"

मी तिच्या गळ्यातच पडले.

मग ॲम्ब्युलन्स, तपासणी, सगळं झालं. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं. म्हणाले, लिव्हर म्हणजे साखर साठवायची कोठी, यांची कोठीच रिकामी आहे, सुई घेतली की लगेच जेवायचं, झोपायच्या आधीही काहीतरी खायचं, आणि घरात साखर ठेवायचीच. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःचं ताट मुद्दाम वाढलंच नाही. "आजपासून तू आधी," म्हणाले. ती जेवली. घास घास, कुरकुरत, पण जेवली.

मग मी विचारलं, "आई, ती साखर आणलीस कुठून?"

"आणते कुठून? ह्यांचीच ती." तिने बाबांकडे बोट दाखवलं. "हॉस्पिटलात ह्यांच्या चहाबरोबर पुड्या यायच्या. हे घालायचे नाहीत, माझ्यासाठी. मी पर्समध्ये टाकत गेले, काल पर्स आवरताना सापडल्या. फुकट कशाला घालवायच्या?"

बाबा उठले, चपला घातल्या, खाली वाण्याकडे जाऊन साखर घेऊन आले. वाटी घासली, पुसली, काठोकाठ भरली. काकूंच्या घरात दिवा लागला होता. बाबांनी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, आणि बाबांना एवढंच बोलता आलं, "तुमची वाटी." पुढे त्यांना रडूच आवरेना.

आतून आई ओरडली, "अहो, सांडू नका!"