फक्कीने आखलेली घरं

आमची मुलुंडची बैठी चाळ पाडून तिथे तीन मजली इमारत व्हायची होती. तिचा नकाशा काढणारे गृहस्थ बोलता बोलता डोळे मिटत, जणू घर त्यांना आतच दिसे. एका दुपारी त्यांनी अंगणात चुन्याच्या फक्कीने नव्या खोल्या आखल्या आणि आम्हा बायकांना आत बोलावलं. रेघ कुणी ओलांडायची नाही, दारातूनच यायचं. ते स्वतःही वळसा घालून येत.

मी माझ्या पांढऱ्या स्वयंपाकघरात उभी राहिले. शेजारच्या काकूंचं दार पार मागच्या बाजूला गेलं होतं.

"अहो, हिचा आवाज म्हणजे मुंगीचा!" काकू ओरडल्या. "हिची हाक मला ऐकू कशी यायची? दिवसभर कुणाशी बोलणार ही?"

"मारून बघा हाक, वहिनी," ते मला म्हणाले.

परक्या माणसासमोर माझा आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग खाली बसून त्यांनी माझं दार फक्कीने बुजवलं, काकूंचं दार होतं त्या मागच्या बाजूला माझी भिंत दारापुरती तळहाताने पुसली आणि दोन्ही दारांपुढून एकच लांब गॅलरी काढली.

"एवढी जागा गॅलरीत घालवली म्हणून चाळीचे मालक ओरडतील हो," कुणीतरी म्हणालं.

"ओरडू देत."

"काकू," मी म्हटलं.

"काय गं?"

सांगण्यासारखं काही नव्हतंच. तरी मी गॅलरीतून त्यांच्याकडे गेले.