इलोनाबाईंकडचं गोडाचं जेवण

तीन माणसं दर आठवड्याला एकाच हॉटेलात जेवायला लागली की किस्से साठतातच. हसत सुरू करावेत आणि मध्येच गप्प व्हावं, असेच आमचे बरेचसे.

२००३ साली मी, पुण्याचा शिरीष आणि नागपूरचा विनय सोमवारी आम्ही राहायचो त्या कॅरी गावाहून विमानाने क्लीव्हलँडला क्लायंटकडे जायचो आणि गुरुवारी परतायचो. मोटेलपासून चालत जाण्यासारखं एकच हॉटेल होतं, हंगेरियन. मालकीण इलोनाबाई सत्तरीच्या. विनयचे वडील तेव्हा नागपुरात अंथरुणाला खिळले होते आणि याच्या व्हिसाचे कागद अडकलेले. देशाबाहेर गेलास तर परत येशील याची खात्री नाही, असं वकिलाने बजावलं होतं.

*

पहिल्या दिवशी चिकन पापरिकाश मागवलं. लालभडक रस्सा बघून विनय खूश. एक घास खाऊन म्हणाला, "यार, हे नुसतं दिसायलाच सावजी आहे." तिखट मागितलं तर इलोनाबाईंनी पापरिकाची डबी आणून ठेवली. त्याने अर्धी रिकामी केली. रस्सा आणखी लाल झाला, बाकी काही नाही!

*

शिरीष शाकाहारी. त्याच्या वाट्याला आंबट चेरीचं गारढोण सूप आलं. पठ्ठ्याने ते गरम करून मागितलं, वर भातही. इलोनाबाईंनी दोन्ही दिलं आणि समोर खुर्ची ओढून तो संपवेपर्यंत बघत बसल्या.

"फिफ्टी इयर्स आय कुक धिस," एवढंच म्हणाल्या.

शिरीष मला म्हणाला, "आमसुलाचं सार म्हणून वाईट नाही."

*

एकदा नूडल्सवर खसखस आणि पिठीसाखर आली. विनयने तिथूनच कॉलिंग कार्डवर घरी फोन लावला आणि वडिलांना सगळं वर्णन करून सांगितलं. ते फारसे बोलत नसत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जेवलास काय?"

ते त्यांचं शेवटचं बोलणं.

*

वडील गेल्याचं कळलं तेव्हा विनय मीटिंगमध्ये होता. "दादा आहे तिकडे," म्हणाला आणि मीटिंग पूर्ण केली. मला त्याचा राग आला होता. मग लक्षात आलं, त्याला दुसरं करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं कुणी.

त्याने फक्त गोड सोडलं. इलोनाबाई आपणहून पालाचिंता, म्हणजे जॅम भरलेली पातळ धिरडी, आणून ठेवायच्या आणि तो परत पाठवायचा. त्या दुखावल्या. विनय म्हणाला, "डाएट." आम्हीही खरं सांगितलं नाही. कशाची लाज वाटली कोण जाणे.

*

तेरवीला नागपुरात गोडाचं जेवण झालं. विनयच्या आईंचा मला फोन आला. "भाऊ, तिकडे तुम्हीच त्याचे. त्याचं तोंड गोड करा."

संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन गेलो आणि डोबोश मागवला, कॅरामलचा कडक थर असलेला चॉकलेट केक. विनयने पहिला तुकडा तोंडात घातला. इलोनाबाईंचा चेहरा फुलला.

"समथिंग स्पेशल टुडे?"

"माय फादर," विनय म्हणाला.

"आह! हाउ ओल्ड?"

"सेव्हंटी-वन."

त्या लगबगीने आत गेल्या. भलामोठा तुकडा डब्यात घालून, वर लाल रिबीन बांधून घेऊन आल्या. "फॉर पापा. फ्रॉम मी."

शिरीष काहीतरी सांगणार होता. विनयने त्याच्या हातावर हात ठेवला. मग उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.

"थँक यू," म्हणाला. "ही लव्ह्ज स्वीट्स."