काकांची कास्ट

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मुलांकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या तमाम वडीलधाऱ्यांत ऑस्ट्रेलियावाल्या काकांइतका बिनकामाचा, बडबड्या आणि लळा लावणारा माणूस आजवर झाला नाही. बाकीचे आईवडील येतात, नातवंडं सांभाळतात, तळ्याभोवती फेऱ्या मारतात, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळते ते ऐकून हळहळतात आणि मुकाट्यानं परत जातात. काकांनी मात्र आल्या आल्या आमची बेल वाजवली आणि म्हणाले, "नमस्कार. मी सिनेनट. शेजारी मुलाकडे उतरलोय. विरजण मागायला आलेलो नाही, ओळख द्यायला आलोय." मूळचे जळगावचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. ऑस्ट्रेलियाशी त्यांचा संबंध एवढाच की मुलगी तिकडे असते. तिच्या बाळंतपणाला आई नाही म्हणून हे गेले आणि डिंकाचे लाडू वळता वळता सिनेमात शिरले.

ते कसे शिरले हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. बागेत बाबागाडी ढकलत असताना एक पक्षी त्यांच्या टकलावर झेपावला. काकांनी थांबून त्या पक्ष्याची शुद्ध मराठीत, हौशी रंगभूमीवर कमावलेल्या खणखणीत आवाजात अशी काही कानउघाडणी केली की शेजारच्या बाकावरचा एक दाढीवाला पोरगा उठून उभाच राहिला. तो निघाला सिनेमाचा दिग्दर्शक. खिशात दमडी नाही, पण सिनेमा काढायचाच असल्या जातकुळीतला. घर सोडून पळालेली एक मुलगी वाळवंट ओलांडायला निघते, आणि वाळवंटाच्या तोंडाशी शेवटचा पेट्रोल पंप चालवणारा म्हातारा तिला भेटतो, अशी काहीतरी गोष्ट होती. म्हातारा अर्थात आमचे काका. हिरॉइन दवाखान्यात नर्स होती, व्हिलन प्लंबर होता, पोलीस झालेला गृहस्थ शाळेत गणित शिकवायचा आणि हिरॉइनची आई म्हणजे दिग्दर्शकाची सख्खी मावशी. कपडे ज्यानं त्यानं घरून आणायचे, स्वयंपाक पाळीपाळीनं करायचा. काकांच्या पाळीला पोहे. नियम एकच होता: ज्याचा सीन नाही, त्यानं दिवा धरायचा.

तो नियम काका आमच्या गावात घेऊन आले. तुम्ही सिंकखाली डोकं घालून गळती शोधत असाल, कुणी गॅरेजमध्ये स्क्रू पाडला असेल, काका मोबाइलचा दिवा पेटवून हजर. आमच्या गणपतीत गुरुजी अथर्वशीर्ष म्हणत असताना खिडक्यांतून रणरणीत ऊन आत आलेलं होतं, तरी हे पोथीवर दिवा धरून शेवटपर्यंत उभे. गुरुजींनी दोनदा "असू द्या" म्हटलं. "तुम्ही म्हणा, सीन तुमचा आहे," काका म्हणाले. नातवाच्या दातांच्या डॉक्टरकडेही त्यांनी हा प्रकार केला, तेव्हापासून त्यांना बाहेरच बसवत.

त्यांच्या वाट्याला त्या सिनेमात एकच मोठा सीन होता, आणि तो ते माझ्याबरोबर संध्याकाळी चालताना रोज करत. संवाद इंग्रजीत, पण ते इंग्रजी जळगावच्या शाळेतलं होतं. सावकाश, शब्द शब्द वेगळा, कुणाची नक्कल नाही की ऐट नाही. म्हातारा त्या मुलीला म्हणतो, "पोरी, इथून पुढे पाणी नाही. भरून घे. घरी जा असं मी म्हणणार नाही. पण परत येताना थांब. मी इथेच आहे." एवढंच. पण काका ते म्हणायचे तेव्हा मला नागपूरचं माझं घर आठवायचं आणि मी चालता चालता उगाच झाडांकडे बघायची.

हा सीन त्यांना जगाला दाखवायचा नव्हता. मुलाला दाखवायचा होता. मुलानं लहानपणी वडील पाहिले ते तालमीला जाताना पाठमोरे; आई दाराशी वाट बघत बसलेली. त्यामुळे नाटक या शब्दाचाच त्याला तिटकारा होता. टीममध्ये चाळीस माणसं सांभाळणारा हा शांत गृहस्थ, वडिलांनी सिनेमाचा विषय काढला की म्हणायचा, "बाबा, प्लीज यार, माझा कॉल आहे." काका मला म्हणत, "त्यानं एकदा ऐकावं गं. आवडलं नाही तर नाही. पण ऐकावं."

आता महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकबद्दल, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाबद्दल सांगते, म्हणजे मी चिडलेली का असते ते कळेल. काकांचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही म्हणता काही कळत नाही. कित्येक दिवस मंडळी कुलदैवत कुठलं, श्रावण पाळता का, असं दुरून दुरून चाचपत होती. सातासमुद्रापार येताना आपल्या लोकांनी मेतकूट आणलं, लोणचं आणलं आणि ही खाजही आणली. कस्टम्सवाल्यांनी काढून ठेवलं ते फक्त लोणचं. तर जेवणं झाल्यावर काका पातेली घासायला उभे राहिले आणि सहज म्हणाले, "आमच्या कास्टमध्ये पुरुषच भांडी घासतात."

सगळ्या हॉलच्या माना वळल्या. इतके दिवस जे विचारायचं धाडस नव्हतं, ते आपण होऊन पानात पडलं होतं. अध्यक्षीणबाई लगबगीनं पुढे झाल्या. "अय्या, हो? कुठली हो काका तुमची कास्ट?"

"फार लहान आहे. आठ-नऊ जण असू."

"इकडे यूएसमध्ये?"

"छे! सगळे ऑस्ट्रेलियात. इथे मी एकटाच."

"बापरे. मग मुलांची लग्नं कशी जमवता? बाहेरचं चालतं?"

"आमच्यात सगळे बाहेरचेच," काका पातेलं विसळत म्हणाले. "आता पोलिसानं नर्सशी जमवलंय. दिग्दर्शकाला विचारलंसुद्धा नाही!"

कास्ट म्हणजे सिनेमातली मंडळी, हा उलगडा झाला तेव्हा हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मी पण हसले. पण बाईंच्या चेहऱ्यावरचा प्रश्न काही हलला नाही. तो तिथेच राहिला, आणि त्या गडबडीत त्या म्हणाल्या, "मग पिक्चर दाखवा की आम्हाला!" सिनेमा तेव्हा नुकताच ऑनलाइन आला होता. काकांना तेवढंच हवं होतं.

शनिवारी दुपारी क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लागला. काका जॅकेट इस्त्री करून आले होते. सिनेमा आधी पाहून घ्या असं मी सुचवलं होतं, तर म्हणाले, "प्रयोग प्रेक्षकांबरोबरच बघायचा असतो." मुलगा आला, पहिल्या रांगेत बसला, आणि त्यानं फोन खिशात ठेवला. हे काकांनी मला खुणेनं दाखवलं. सिनेमा वाईट नव्हता. वाळवंट खरं होतं, नर्स गुणी होती. उशिरा आलेल्या एका मावशींना जागा दिसावी म्हणून काका कडेला दिवा धरून उभे होते, तेवढ्यात पेट्रोल पंपाचा सीन आला. पडद्यावरच्या काकांनी तोंड उघडलं आणि आतून दुसऱ्याच माणसाचा आवाज आला.

इंडियन माणसाची टिंगल करताना गोरे लोक जो आवाज काढतात ना, मान डोलावणारा, टकार घोळवणारा, तो. पाणी नाही, भरून घे, मी इथेच आहे, सगळं त्या आवाजात. आधी कुणीतरी खुसकन हसलं, मग हॉल कोसळला. जन्मभर ऑफिसात आपापले उच्चार घासूनपुसून बसलेली ही माणसं, कोण कुणाला हसतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. सगळ्यांत मोठ्यानं हसत होता काकांचा मुलगा. डोळे पुसत होता. मावशी केव्हाच बसल्या होत्या, काकांच्या हातातला दिवा तसाच चालू होता.

दिवे लागल्यावर मुलानं येऊन त्यांना चक्क मिठी मारली. "बाबा, यू आर हिलेरियस! इतके दिवस का नाही दाखवलं हे?" काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थँक यू." अध्यक्षीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, एका तरी माणसाला कळलं. त्या म्हणाल्या, "काका धमालच आहेत गं. पण खरी कास्ट कुठली त्यांची?"

घरी येताना मी रागानं फणफणत होते, आणि काका मला समजावत होते. "आवाज आमच्या व्हिलनचा आहे. त्याला सर्दी झाली तरी ओळखेन मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्लंबरला फोन केला. तो रडला म्हणे. सिनेमा ज्यांनी विकत घेतला त्यांचं म्हणणं पडलं की म्हातारा पुरेसा इंडियन वाटत नाही, आणि मग त्याच्या तोंडी नवा आवाज भरायला, पैसे नसल्यानं, कास्टमधलाच कुणीतरी हवा होता. "मी तेव्हा इकडे होतो. माझा सीन संपलेला," काका म्हणाले. "त्यानं दिवा धरला, दुसरं काय?"

"दिवा कसला काका, तोंडाला काळं फासलं! तुमच्या मुलाला तरी सांगा."

"नको. माझ्या कामाला पहिल्यांदा हसला तो. राहू दे. तूही सांगायचं नाही, शब्द दे." मी दिला.

त्यानंतर चालताना त्यांनी तो सीन केला नाही. सहा महिने भरले, ते गेले. यंदा आले नाहीत, पुढेही येणार नाहीत म्हणतात. गुडघ्याचं कारण सांगतात.

परवा संध्याकाळी त्यांचा मुलगा पोर्चमधला बल्ब बदलायला शिडीवर चढला होता. अंधारून आलं होतं, म्हणून मी मोबाइलचा दिवा धरला. "बाबांची सवय लागली तुला," तो हसला. मग म्हणाला, "त्यांचा तो डायलॉग ना, मी ऑफिसात करून दाखवतो. सुपरहिट!" आणि शिडीवरूनच त्यानं तो आवाज काढला, मान डोलावून.

काकांना मी शब्द दिला होता. तो मी तिथे मोडला, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. "बाबांचा आवाज नाही तो," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यानं नवा बल्ब फिरवत घट्ट बसवला.

"मग ते कसं म्हणायचे?"

मी काकांसारखं सावकाश, शब्द शब्द वेगळा करत म्हटलं. पाणी नाही, भरून घे. परत येताना थांब. मी इथेच आहे.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.

मी परत म्हटलं. बल्ब लावून झाला होता, तरी तो शिडीवरून उतरला नाही, आणि मीही दिवा बंद केला नाही.