रेजिनाची न झालेली वेबसाइट

रेजिना गेली, हे तिच्या धाकट्या बहिणीनं, तेरेजानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅपटॉपसमोरच बसले होते. डेटाबेसचा पासवर्ड जुळत नव्हता आणि मी रेजिनालाच विचारणार होते. हॉस्पिटलमधूनही ती असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. "नर्स ओरडते गं, पटकन बोल," म्हणायची...

दिंडोशीच्या एका ऑफिसात आम्ही दोघी प्रोग्रामर होतो. ती मनोरीची, मी दहिसरची. पन्नाशी उलटली आणि आमचा विभागच बंद झाला. मी घरी कुढत बसले. ती मात्र एका सकाळी बॅग घेऊन दारात हजर. "सुषमा, रडून झालं असेल तर ऊठ. एलिक्झिर शिकायचंय." मला आधी वाटलं, हे कुठलं तरी टॉनिक! ती प्रोग्रामिंगची भाषा निघाली. त्या भाषेतल्या फिनिक्स नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, रेजिनाला वेबसाइट करायची होती. मनोरीतल्या म्हाताऱ्या बायकांची बोली, शेतातले आणि मासळीचे शब्द, त्यांच्याच आवाजात तिथे ठेवायचे होते. "भाच्यांना मी बोललेलं समजतं, पण उत्तर हिंदीत देतात," एवढंच ती म्हणाली.

शिकण्याआधी हे सगळं मशीनवर बसवायचं होतं आणि तिथेच आमची वाट लागली. एलिक्झिरचं व्हर्जन त्याच्याखाली चालणाऱ्या एर्लंग या जुन्या भाषेच्या व्हर्जनशी जुळेना. ते जुळलं तर डेटाबेस आत घेईना. मी वैतागून सगळं पुसायला निघायचे. ती लाल अक्षरांतला एरर पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायची. "थांब ना यार, तो काय सांगतोय ते ऐकून तरी घे." शेवटी तिच्या लॅपटॉपवर फिनिक्सचं स्वागताचं पान उघडलं. तिनं टाळ्या वाजवल्या, मी शिरा केला. "तुझ्या मशीनवर लागलं की आईपासून रेकॉर्डिंग सुरू," ती म्हणाली. मीही म्हटलं, "हो, आधी सगळं नीट लागू दे."

त्याच आठवड्यात तिच्या पोटदुखीचं निदान झालं.

आता मनाला खात राहतं ते हेच. आवाज टिपायला साधा फोन पुरला असता. ती बोली मी ऐकली ती रेजिनाच्याच तोंडून, ती आईशी फोनवर बोलायची तेव्हा. अर्धीच कळायची, पण ऐकत राहावंसं वाटायचं. त्यातलं एक वाक्यही आमच्याकडे नाही...

गेल्या रविवारी मार्वेहून बोटीनं मनोरीला गेले. तिच्या आईपुढे फोन धरला. त्या दोन शब्द बोलल्या आणि थांबल्या. मग माझ्यासाठी साध्या मराठीत म्हणाल्या, "तिच्याशी बोलले असते गं. तुझ्याशी काय बोलू?"

त्या घरात नेटवर्क फक्त मागच्या दाराशी येतं, म्हणून रेजिनानं टेबल तिथेच आडवं टाकलेलं. विहिरीवर जाता-येता सगळ्यांची अडचण.

"हलवू या का?" मी विचारलं.

"नको," तेरेजा म्हणाली, आणि भरलेली बादली सांभाळत टेबलाला वळसा घालून आत गेली.