बॉनेटवरचे भोवरे

मोटर पुसायचं ओलं कातडं बॉनेटवरून ओढलं की एक बारीक आवाज येतो, चिमणीच्या पिल्लानं चोच उघडावी तसा. धारच्या मोटरखान्यातला तो आवाज चाळीस वर्षांनंतरही माझ्या कानात आहे. आवाजामागून किस्से येतात. किस्से धुळीसारखे असतात, कुणी मुद्दाम साठवत नाही. कोपऱ्यात आपोआप जमतात.

संस्थानं विलीन झाली, त्यानंतरची ती चार-पाच वर्षं. आमचे आबासाहेब सरदार घराण्यातले. त्यांच्याकडे पूर्वी चार मोटरी होत्या, आता एकच उरली होती. काळी, लांब, विलायती, तेव्हाच वीस वर्षांची जुनी. ती चालवायचे गोविंददादा आणि पुसायचो मी.

*

काळी मोटर उन्हात उभी केली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. दादा त्यांना भोवरे म्हणायचे. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली आणि हात गोल फिरला की भोवरा उठलाच. तो काढायचा म्हणजे खडूची वस्त्रगाळ पूड, थोडं गोडं तेल आणि सरळ हात. जाळीपासून काचेपर्यंत एकाच दिशेनं, सकाळभर.

पहिल्या दिवशी माझा हात सवयीनं गोल गेला.

दादा म्हणाले, "गोल फिरतं ते जातं. ही मोटर आहे."

भोवरे लवकर जाईनात, म्हणून मी विचारलं, "दादा, जरा जोर लावू का?"

"लाव की. रंग काय विहिरीचं पाणी आहे, उपसलं की पुन्हा भरेल?"

रोज सकाळी ते उन्हात उभे राहून बॉनेट तपासायचे. दहा पावलांवरून बोट दाखवायचे, "तो बघ, तिथे एक राहिलाय." आणि तो असायचाच.

*

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर मोटरीचीही पूजा व्हायची. त्या वर्षी आबासाहेबांच्या धाकट्या सूनबाई, आमच्या वहिनीसाहेब, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, सासरचा पहिला सण. देवघरातल्या समया आणि ताम्हणं घासून झाली, तरी त्यांचा उत्साह काही संपेना. मी झेंडूची फुलं आणायला गेलो होतो. परत येऊन पाहतो तो वहिनीसाहेब पदर खोचून उभ्या, आणि चिंच-राख लावून बॉनेट घासताहेत. गोल गोल!

"समया बघा कशा लखलखल्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हिलाही जरा उजळावं."

मी पाणी ओतलं. राख वाहून गेली आणि बॉनेटभर भोवरे उठलेले दिसले. त्यांचा चेहरा उतरला.

"मामंजींना कळलं तर?"

"मी काढतो, वहिनीसाहेब. कुणाला कळणार नाही."

म्हटलं खरं, पण दादांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं. तेवढ्यात ते आलेच. उन्हात उभे राहिले, वाकले, बॉनेटवर डोळे लावून बराच वेळ पाहत राहिले.

"शाबास, सदू," ते म्हणाले. "आरसा केलास."

वहिनीसाहेबांचा जीव भांड्यात पडला. मी पुन्हा बॉनेटकडे पाहिलं. भोवरे तसेच होते.

*

दुसऱ्या दिवशी मी दादांना एकटं गाठून डोळ्यांचं विचारलं. आधी ते चिडले. "पुसणारा तू, मला डोळे शिकवतोस?" मग मोटरखान्याच्या पायरीवर बसले.

"दोन वर्षं झाली. डाव्या डोळ्यात धुकं, उजव्यात धूर. सकाळी बोट दाखवतो ते अंदाजानं, एखादा भोवरा राहिलेला असतोच."

"इंदूरला डॉक्टर आहेत, दादा. मोतीबिंदू काढतात."

"डॉक्टर मला बघेल, आणि सगळ्या धारला दिसेल."

घरात बायको आणि लग्नाच्या दोन मुली. राहायला मोटरखान्यावरची खोली, तीही ड्रायव्हर म्हणून मिळालेली. स्टिअरिंग सुटलं की खोली सुटणार. मी कुणाला काही सांगितलं नाही. ती चूकच होती, आज कळतं. कुणाच्या जिवावर बेतलं असतं. तेव्हा मला फक्त गुडघ्यावर टेकलेले त्यांचे हात दिसत होते.

*

ताईसाहेबांचं, म्हणजे आबासाहेबांच्या लेकीचं, लग्न देवासच्या घराण्यात ठरलं. काही सामान पोचवायला आम्ही दोघं मोटर घेऊन देवासला निघालो. मी शेजारी बसलो आणि हळूच बोलायला लागलो.

"दादा, डावीकडे बैलगाडी."

"दिसतेय. तुला दिसते का ते बघत होतो."

"दादा, पुढे म्हैस."

"दिसतेय."

"दादा, म्हैस!"

ब्रेक लागला. म्हैस आणि मोटर यांच्यात हातभर जागा उरली. म्हैस जागची हलली नाही. तिनं मान खाली घातली आणि बॉनेटमध्ये स्वतःलाच पाहत उभी राहिली. गुराखी काठी टेकत आला.

"कंई भिया, म्हारी भैंस के मूंडो दिखाई रिया हो?"

"देखवा दो, भिया," दादा शांतपणे म्हणाले. "उके भी तो मालम पड़े के कसी दिखे है."

म्हशीलाही कळू दे आपलं तोंड कसं दिसतं, हे दादांचं माळवी उत्तर ऐकून गुराखी हसत म्हैस हाकत गेला. दादांनी मात्र इंजिन बंद केलं. मग खाली उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"सरक तिकडे. तुला गाडी शिकायची होती ना?"

मी असं कधीच म्हणालो नव्हतो.

त्यानंतर मोटर रिकामी असली की वेशीबाहेर मी चालवायचो आणि ते शिकवायचे. वेस आली की जागा बदलायच्या.

*

गावात मात्र आबासाहेबांना घेऊन दादाच निघायचे, बैलाच्या चालीनं. एकदा आबासाहेब मागून म्हणाले, "गोविंदराव, हल्ली फार सावकाश चालवता."

"सरकार, रंग जुना झाला. वेगात धूळ घासते, भोवरे उठतात."

आबासाहेबांनी मान डोलावली. त्यांना मोटरीतलं काही कळत नाही, असं आम्ही समजत होतो.

*

लग्न धारला लागलं. दुसऱ्या दिवशी पाठवणी होती. ताईसाहेब आणि जावई याच मोटरीतून देवासला जाणार होते. दुपारी मी मागच्या चाकाशी बसून चिखल काढत होतो. बॉनेटवर पूड लावून ठेवली होती, पुसायची राहिली होती. दादा पुढे पायरीवर बसले होते.

आबासाहेब एकटेच आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, जरा निवांत उभं राहावं म्हणून आले असतील. पायांत वहाणा नव्हत्या. ते बॉनेटशी येऊन थांबले.

"उभा काय राहिलास?" दादा त्यांना म्हणाले. "फडकं घे की."

मी धडपडत उठलो. आबासाहेबांनी हातानंच मला थांबवलं आणि फडकं उचललं.

"गोल नको. सरळ. लांब जाऊ दे हात."

आबासाहेबांचा हात सरळ झाला.

"हात जड आहे आज तुझा. हलक्यानं घे. उद्या लेक बसणार आहे."

हात थांबला. मग पुन्हा हलकेच फिरू लागला.

"ऐक, सदू," दादा म्हणाले. "उद्या मी चालवणार नाही. तू ने. ताईसाहेबांना मी याच मोटरीतून शाळेत सोडलंय. माझ्या या डोळ्यांच्या भरवशावर त्यांना सासरी धाडायचं नाही. संध्याकाळी सरकारांना सांगतो. खोली जाईल. जाऊ दे. पोरींची आई चार दिवस बोलणार नाही, एवढंच." ते थोडं थांबले. "सांगायला तोंड होत नाही रे अजून. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. तू तरी बोल काहीतरी."

आबासाहेब पुसत राहिले. शेवटची पांढरी रेघ गेली आणि काळा रंग वर आला. त्यांनी फडक्याची नीट घडी केली, दादांच्या गुडघ्यावर ठेवली, क्षणभर हात तिथेच राहू दिला, आणि घराकडे निघून गेले.